मामाची मांडी

माझा थोरला भाऊ परराज्यातल्या एका छोट्या अणुवीज केंद्रात होता. तो लागला तेव्हा भट्टी चालू होती. चार-पाच वर्षांत ती कायमची बंद झाली आणि पुढची सगळी नोकरी तिची आवराआवर करण्यात गेली: पाइप कापायचे, भिंती पुसायच्या, एकेक तुकडा मोजून वेगळा ठेवायचा. "पेटवायला लागली नाहीत एवढी माणसं विझवायला लागतेत," असं तो हसून सांगायचा. ते काम संपल्यावर त्यानं पडेगावला घर केलं.

त्याच वर्षी माझ्या मुलाचं जावळ होतं. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात, आणि मला सख्खा भाऊ हा एकच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. किरणं म्हणजे काही सर्दी नव्हे, एकाची दुसऱ्याला व्हायला, हे मी फळ्यावर आकृती काढून मुलांना सांगितलेलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सासूबाईंवर ढकलणं सोपं होतं, पण त्या एका शब्दानं काही बोलल्या नव्हत्या. भीती माझीच होती. 

सिल्लोडच्या मावसभावाला मी गुपचूप बोलावून घेतलं. जावळाच्या दिवशी दादा सकाळीच आला. नवा पायजमा, बाळाला कपडे, टोपी. पाटावर बसायला निघाला तसं मी म्हणाले, "दादा, गुरुजींनी पत्रिका पाहिली. यंदा सख्ख्या मामाचा योग नाय म्हणे."

विज्ञानाची बाई पत्रिकेआड लपली.

दादा थांबला. मग म्हणाला, "तिथून सुटताना रोज किरणं मोजायच्या यंत्रावर हातपाय ठेवावे लागायचे, बाई. यंत्रानं हूं म्हटलं तरच दार उघडायचं. मला एकदाबी अडवलं नाय त्यानं."

एवढं बोलून तो पाहुण्यांना पाणी द्यायला लागला. मावसभावाच्या मांडीवर पोरगं रडून लाल झालं. मी फोटो काढत होते. जेवताना दादानं पुरणपोळी मागून घेतली, माझं मन राखायला. मला लाज वाटली, पण ती कबूल करायची हिंमत झाली नाही. आजही झालेली नाही.

मुलगा आता पाच वर्षांचा आहे. मागच्या रविवारी पडेगावला दादाच्या अंगणात धावताना तो आपटला. गुडघा फुटला, रक्त आलं, "मामा, मामा" म्हणून त्यानं हंबरडा फोडला. मी फाटकापाशी होते, दादा त्याच्या अगदी शेजारी. त्यानं वाकून दोन्ही हात पुढं केले आणि तसेच अधांतरी धरून माझ्याकडं पाहिलं.

"घेऊ का गं?" त्यानं विचारलं.