सीलंट लावलेली गाडी आणि खिडकीतला नवरदेव

माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेव गाडीच्या खिडकीतून उतरला आणि त्याला मी जबाबदार आहे.

लग्न तुमसरला होतं आणि नवरदेवाची गाडी माझी. लाल, नवीकोरी! आदल्या दिवशी वरठीच्या घरापुढे मी तिला पॉलिमर सीलंट चोळलं. (म्हणजे रंगावर एक पारदर्शक, गुळगुळीत थर बसतो. उन्हानं रंग लवकर विटत नाही, पाण्याचे थेंब घरंगळतात, धूळ आणि कावळ्यांचा प्रसाद धरून राहत नाही.) "आता गाडीले काहीच चिकटणार नाही!" असं मी सगळ्या आळीला ऐकवलं. त्याचा अर्थ मात्र माझ्याच डोक्यात शिरला नव्हता.

सकाळी फुलवाल्यानं बोनेटवर टेपनं हार लावला. हार घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मागच्या बाजूला नवरदेवाचं नाव, 'प्रफुल', चिकटवलं, तर आधी 'ल' पडला, मग 'फु' पडला.

"टेप जुना हाय का जी?" मी विचारलं.

"आजच आणला, मामाजी! मलेच काही समजून नाही राहिलं!"

"दादा, अपशकुन तं नाही ना रे?" नवरदेवाची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रडकुंडीला आली.

"काल तुमी गाडीले काय चोपडून राहिले होते?" बायकोनं विचारलं.

"त्याचा काय संबंध?" मी ठसक्यात म्हणालो. (मला खरंच संबंध दिसत नव्हता!)

शेवटी माझा साळा रमेश पुढे झाला. "सुतळी आणा! बसा सगळे गाडीत!" रमेश गावच्या तलावात मासे धरतो, जाळ्याची गाठ त्याच्या बोटांत बसलेली. आम्ही आत बसलो आणि त्यानं बोनेटवरून, छतावरून, दारांवरून सुतळी फिरवून हार करकचून बांधले. गाडी झकास दिसत होती!

तुमसरला बँड वाजला, आरतीचं ताट आलं, मी दार ढकललं. बोटभर उघडलं आणि थांबलं. बायकोचंही तेच. प्रफुलचंही तेच!

"मामा, दार काहून उघडून नाही राहिलं?"

"लॉक असंन... नाही... थांब..."

"मुहूर्त चालला जी!" बाहेरून भटजी ओरडले.

गाठी सोडणारा रमेश मोटरसायकलवर मागे राहिलेला. कुणीतरी सुतळी कापायला विळा घेऊन धावला. आणि मी, सख्खा मामा, किंचाळलो, "विळा नको! रंगाले ओरखडा येईन!"

"आग लागो तुमच्या रंगाले!" बायको म्हणाली आणि सडपातळ असल्यामुळे खिडकीतून सुळकन बाहेर पडली. प्रफुल बाशिंगासकट अडकला. नवरीचे काका राइस मिलमध्ये कामाला. त्यांच्या दोन हमालांनी त्याला धानाच्या पोत्यासारखा ओढून खांद्यावर घेतला आणि थेट मांडवात नेऊन उभा केला. पाठोपाठ सगळी वरात पळाली.

राहिलो मी. खिडकीतून डोकं गेलं, खांदे गेले, पोट म्हणालं, नाही. विळेवालाही निघून गेला होता; त्याला मीच नको म्हटलं होतं ना!

लग्नात नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहतो. मी मंगलाष्टकं बंद गाडीत बसून ऐकली. टाळ्या वाजल्या, पंगत बसली, वांग्याच्या भाजीचा वास आला. तेवढ्यात नवरीकडचे एक म्हातारबाबा खिडकीशी वाकले आणि मायेनं म्हणाले,

"ड्रायव्हरभाऊ, तुमी जेवले का जी?"

मी नवरदेवाचा मामा आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"नाही जी," मी म्हणालो, "भाजी जरा जास्त आणा."