भंडाऱ्याचं ताट

माझा थोरला चुलतभाऊ, आमचा अण्णा, यंदा आमदारकीला उभा आहे. बेळगावहून गावाकडं येताना जागोजागी त्याचे फलक लागतात, प्रत्येकावर हात जोडलेले. ते हात बघितले की मी मान वळवते.

राजकारणात आला तेव्हा त्याचं काम सभेआधी सतरंज्या टाकायचं आणि सभेनंतर झटकून घडी घालायचं. पुढाऱ्याच्या गाडीचं दार उघडायला, कुणी सांगायच्या आत तो पोचलेला असे. गल्लीत मराठी, पक्षाच्या ऑफिसात कानडी आणि वरून मोठं कुणी आलं की हिंदी. तिन्ही भाषांत सारखाच गोड. बारशाला पहिला, मयतालाही पहिला. कुणाच्या आईचे गुडघे दुखतात हे तिच्या मुलाला ठाऊक नसे, पण अण्णाला असे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा त्यानं मला उभं केलं. मी बेळगावातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होते, रोज बसनं जा-ये करायची. राजकारणातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. पण गावातल्या मराठी शाळेत मुलींना संडास नव्हता. मधल्या सुट्टीत घरी आलेल्या पोरी दुपारी परत जात नसत, माझी पोरगीसुद्धा. अण्णा म्हणाला, "तू निवडून ये. ह्या खेपंला अध्यक्षपद बी बायकांनाच हाय. तुलाच करतो. मग बांध की संडास, कोण नको म्हणतंय?"

मी निवडून आले.

अध्यक्षाच्या, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला सरपंच म्हणतात त्याच्या, निवडीआधी सदस्यांना सहलीला न्यायची आमच्याकडं पद्धत आहे. समोरच्या गटानं पळवू नये म्हणून आपल्याच माणसांनी आधी पळवायचं, ही ती सहल. अण्णानं आमचा गट कणकुंबीकडं जंगलातल्या एका फार्महाऊसवर ठेवला आणि सगळ्यांचे फोन काढून घेतले. सोबत आलेले नवरे पत्ते कुटत होते. मी बेळगावच्या शहापुरातनं घेतलेली साडी पिशवीत जपून ठेवली होती, निवडीच्या दिवशी नेसायला.

निघायच्या सकाळी तिथल्या देवळात सगळ्यांनी बेल-भंडारा उचलायचा ठरलं. हातावर बेलाचं पान, त्यावर भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि देवासमोर शब्द द्यायचा. कागदावरची सही इथं कुणीही फिरवतं, पण भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर घरादाराचं वाटोळं होतं, असं शिकलेसवरलेलेही मानतात. मीही मानते. शब्द अण्णानंच सांगितला, "अण्णा सांगंल त्योच अर्ज. दुसरा कुणी भरायचा न्हाय." मी सगळ्यांच्या पुढं होते. माझ्याच नावासाठी उचलतेय, मग भीती कसली? ताट अण्णाच्या हातात होतं.

पंचायतीत मी नवी साडी नेसून बसले. पर्समध्ये पेढे होते. तेवढ्यात समोरच्या गटातली एक बाई शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. गावात गट दोन असले तरी पक्ष एकच, आणि तालुक्यात तो ज्यांच्या शब्दावर हलतो, त्या साहेबांची ती सून. अण्णा आला, कोरा अर्ज तिच्या हातात दिला आणि माझ्याकडं वाकून म्हणाला, "सूचक म्हणून तुजी सही लागतीया."

चेष्टाच वाटली मला. मी हसलेसुद्धा. "अण्णा, अर्ज माजा हाय न्हवं?"

"न्हाय गं. वरनं निरोप आलाय. भंडारा उचललाईस, ध्येनात हाय न्हवं?"

मी आमच्या गटाकडं बघितलं. सगळे खाली मान घालून बसले होते. डोळ्यांपुढं पोरगी आली, नको नको ते मनात आलं आणि मी सही केली. माझ्याच विरुद्ध! ती बाई बिनविरोध झाली. टाळ्या वाजल्या, कुणीतरी पेढे मागितले, तर मी पर्समधले काढून दिलेसुद्धा. इतकी मी सुन्न झाले होते.

थोड्याच दिवसांत अण्णा पक्षाचा तालुका अध्यक्ष झाला, पुढं जिल्ह्याचा सरचिटणीस. गावात स्वागतकमान उभी राहिली. संडासाचं नाव कुणी काढलं नाही.

मी घरी रडले तेव्हा आईनं एकच विचारलं, "त्येनं सोता उचललावता का गं भंडारा?"

मी आठवून बघितलं. नव्हता. तो फक्त ताट धरून होता.

"मग भ्यालाय त्यो देवाला," आई म्हणाली. "भ्यालेला माणूस आज ना उद्या माघारी येतोय."

आई गेली, पण तिचं हे बोलणं मी धरून ठेवलं. अण्णाला निदान देवाची भीती आहे, म्हणजे आतून तो अजून आपलाच आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले.

परवा तो प्रचाराला आमच्या गल्लीत आला. हातात तेच भंडाऱ्याचं ताट. दारोदार बायका भंडारा उचलत होत्या. माझ्या दारात थांबून म्हणाला, "उचल बाय. ह्या खेपंला शाळंचं काम माज्यावर."

मी ताट त्याच्या हातातून काढून घेतलं. "आदी तू उचल, अण्णा. संडास बांधतो म्हणून."

त्यानं चिडावं, टाळावं, हात मागं घ्यावा, असं मला फार वाटत होतं. त्यानं हात मागं घेतला असता, तर खरंच सांगते, मी त्याला मतसुद्धा दिलं असतं.

त्यानं हसत बेलाचं पान घेतलं, मूठभर भंडारा उचलला आणि खणखणीत आवाजात शब्द दिला. मग मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या कार्यकर्त्याकडं वळून म्हणाला, "आलं का नीट? न्हाईतर परत उचलतो."

आई चुकली होती, तो देवाला भ्यालेला नव्हताच. पिवळा हात माझ्या डोक्यावर ठेवून तो पुढच्या दाराकडं गेलासुद्धा. ताट माझ्याच हातात राहिलं होतं. तेवढ्यात शेजारची म्हातारी पदर सावरत पुढं आली, तिनं डोळे मिटले आणि मी धरलेल्या ताटातून भंडारा उचलला.