निकेल, नामदेवराव आणि माझा उजवा कान

नामदेवरावांना महारोग कधीही झालेला नव्हता.

काल दुपारी पांढुर्ण्यात ते वारले. ते माझे मेहुणे, माझ्या पत्नीचे थोरले बंधू. वरचे पहिले वाक्य आता तरी कुठेतरी लिहिलेले असावे, म्हणून सर्वप्रथम तेच लिहिले.

आमचा विवाह झाला त्याच वर्षी राज्यांची नव्याने वाटणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले.

नामदेवराव त्या काळी वऱ्हाडातील वनस्पती तुपाच्या एका कारखान्यात नोकरीस होते.

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्या कारखान्याचे रसायनशास्त्र त्यांनीच मला साखरपुड्याच्या दिवशी समजावले. सरकीच्या तेलात हायड्रोजन वायू सोडतात. परंतु नुसत्या वायूने तेल घट्ट होत नाही. सोबतीला एखाद्या धातूची भुकटी घालावी लागते.

"हे काम प्लॅटिनमबी करते, जवाईबापू. पन प्लॅटिनमचं तूप परवडन कोनाले? म्हनून निकेल. सस्ता पडते."

मी विचारले, "मग ते निकेल आमच्या पोटात जाते की काय?"

"गाळून घेतो नं. थो तेलात जाते, काम करते, अन् जसाच्या तसा बाहेर येते. त्याले काई होत नाई. होते थे आमच्या हाताले."

आणि त्यांनी हात पुढे केले.

दोन्ही पंजे लाल, भेगाळलेले. बोटांच्या बेचक्यांतून पाणी झिरपत होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की ही निकेलची ॲलर्जी आहे. काम सुटले की जाईल. कोणाला लागणार नाही.

विवाह पांढुर्ण्यात होता. मांडवात कानपिळीची वेळ आली. वधूचा भाऊ वराचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदवण्याची ताकीद देतो, आणि त्याबद्दल त्या भावाला फेटा बांधतात. हा भावाचा मान.

नामदेवराव पुढे आले. हात सर्वांना दिसले.

माझे वडील उठून उभे राहिले. "हा महारोग आहे. यानं हात लावला त वरात परत जाईन."

"नागपूरच्या डाक्टरले दाखवलं आहे, बाबाजी," नामदेवराव म्हणाले.

"नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं. तिथल्या डाक्टरचं इथं कोन आयकते?"

लोक हसले. मला आजही ते हसणे आवडत नाही.

वडिलांचे मोहगावला किराणा दुकान होते. वनस्पती तुपाचे डबे दर्शनी फळीवर मांडलेले असत. वधूच्या आत्याबाईंना ते ठाऊक होते. त्या बायकांमधून म्हणाल्या, "डबा चालते दुकानात, अन् हात नाई चालत?"

वडील तसेच उभे राहिले.

मी पाटावरून उठलो, नामदेवरावांसमोर गेलो आणि उजवा कान पुढे केला. "मान तुमचा आहे. घ्या."

त्यांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले.

"नाई, जवाईबापू. माया हातानं बहिनीचं लगन मोडाचं नाई मले."

कान एका चुलत भावाने पिळला. फेटाही त्यालाच बांधला.

पुढे कारखाना सुटला आणि काही महिन्यांत हात स्वच्छ झाले. बोलणे मात्र स्वच्छ झाले नाही. मांडवातला तो एक शब्द लोधीखेड्यापासून सावरगावापर्यंत फिरला. स्थळे येत आणि दारातूनच परत जात. कित्येक घरांत त्यांना पाणी वरून ओतून मिळे.

ते अविवाहित राहिले.

दर भाऊबीजेला ते आमच्याकडे येत. ओवाळून झाले की मी म्हणत असे, "आता तरी कान पिळा."

"तुमचे बाबा म्हनतीन त्या दिवशी."

वडील कधीच म्हणाले नाहीत. वडील गेल्यानंतरच्या भाऊबीजेला मी पुन्हा विचारले.

"आता कोनाच्या म्हनन्यानं पिळू?" एवढेच म्हणून त्यांनी चकली उचलली.

धातू काम करून जसाच्या तसा बाहेर पडतो, हे त्यांनी मला शिकवले. माणसाचे तसे होत नाही, हे मात्र मला त्यांच्याकडे पाहून शिकावे लागले. स्वस्त तुपाची फोडणी घराघरांत पडली. त्याची किंमत कोणी दिली, हे विचारायला कोणी आले नाही. आम्हीसुद्धा ते डबे पुढे कित्येक वर्षे विकले.

काल तिरडी उचलण्यापूर्वी माझी पत्नी भावाजवळ बसली. पांघरुणाखालून तिने त्यांचा उजवा हात काढला. पंजा स्वच्छ होता. एक डागही नव्हता.

"वाका," ती मला म्हणाली. "बाबा नाई म्हनले. मी म्हनून रायली आता."

मी वाकलो. तिने तो हात माझ्या कानाला लावला.

बोटे मिटली नाहीत.

अग्नी आमच्या मुलाने दिला. जाम नदीवरून आम्ही परत आलो.

नामदेवराव, मान पोचला की नाही, हे मला सांगता येत नाही. कान तुमचाच आहे.

हात जोडून निरोप देतो.