वरच्या मजल्यावरची काकू

महाळुंग्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती बाई मूळची खेड्यातली. तिचं दार दिवसभर उघडंच असतं. बोलताना ती समोरच्याचा हात धरते आणि बोलणं संपेपर्यंत सोडत नाही. माझी दहावीतली मुलगी सायली शाळेतून आली की डोक्याला तेल लावून घ्यायला तिच्याकडे पळायची. मला मात्र केसांना हात लावू द्यायची नाही. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला की माझं कशातच लक्ष लागत नसे.

एका संध्याकाळी ती खाली आली. माझा हात धरून म्हणाली, "पोरीचे केस लई गळत्यात. हनुवटीवर राठ केस आल्यात, मानबी काळी पडलीया. चार महिने पाळी न्हाई म्हणती. हे नुसतं वयाचं न्हाई, डॉक्टरला दाखवा."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तुमी अभ्यासाचंच इचारता. भ्याली पोर."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. हार्मोन्स बिघडले होते. औषधं, व्यायाम आणि आहार सांभाळला तर आटोक्यात राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. "वेळेत लक्षात आलं तुमच्या," असंही म्हणाल्या. सायलीने माझ्याकडे पाहिलं. मी फाईल मिटून उठले.

पुढे पाळी आली, तेव्हा ते सांगायला सायली आधी वरच गेली. मी शिरा केला आणि आभार मानायचं ठरवून वाटी वर नेली. वाटी घेत तिने हळूच विचारलं, "पोरीला न्हाई ना दिला? तिला गोड कमी सांगितलंय."

खाली सायलीची वाटी मी आधीच भरून ठेवली होती.