मठपती सरांचे तीन कोपरे

नांदेडच्या दवाखान्यात सरांना शेवटचं भेटलो तेव्हा मी विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्हाला भीती वाटली होती का?" सरांनी सावकाश कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. काकू घाबरल्या. "अहो, काय होतंय?" म्हणत त्यांनी नर्सला हाक मारली, ती धावत येऊन नाडी बघू लागली... आणि मी खुर्चीत बसून हसत होतो. काकूंना तो निव्वळ निर्लज्जपणा वाटला असणार. त्यानंतर आठवड्याभरातच सर गेले. त्या हसण्याचा खुलासा राहून गेला, तो आज करतो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या बदलल्या, साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं आलं नव्हतं. आम्ही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. बाकीचे प्राध्यापक सांगत, आम्ही उतरवून घेत असू. कुणाचीच कुणाला तोशीस नव्हती. त्यात हे उदगीरकडचे मठपती सर वर्षभराच्या तात्पुरत्या नेमणुकीवर पदार्थविज्ञान शिकवायला आले. प्रश्न टाकायचे, तीन संभाव्य उत्तरं तीन कोपऱ्यांना वाटून द्यायचे आणि म्हणायचे, "ज्याला जे पटतं त्यानं त्या कोपऱ्यात जावं. मग दुसऱ्या कोपऱ्यातला एक गाठा अन् त्याला पटवा." एवढं बोलून स्वतः फळ्याकडे तोंड करून उभे! "माझ्या तोंडावरनं उत्तर चोरता तुम्ही," म्हणायचे. मला या प्रकाराची धडकी भरायची. वहीतली चूक झाकता येते हो. कोपऱ्यात उभी राहिलेली चूक मुलींच्या बाकांवरूनही दिसते. म्हणून प्रश्न काहीही असो, मी दाराजवळचा कोपरा धरायचो. वेळ आलीच तर पळता यावं!

वर्गातला कलकलाट प्राचार्यांच्या खोलीपर्यंत जायचा. अभ्यासक्रम मागे पडतोय, दुष्काळात प्रयोगाला पाणी नासतंय, अशा तक्रारी गेल्या. एके दिवशी शिपायानं बातमी आणली, "साहेब आज तुमच्या तासाला बसणार. आवडला तर मठपती सर राहतील, न्हाई तर जूनपासून घरी." त्या काळी आमच्या प्राचार्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला, की आतली पोरं श्वास धरत. मी तर प्रार्थनाही पाठ करून ठेवल्या होत्या.

टेबलावर काचेची टाकी, तिच्यात पाणी, पाण्यावर तरंगणारा स्टीलचा डबा आणि डब्यात वाण्याच्या तराजूचं किलोचं लोखंडी माप. पाण्याच्या पातळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली.

"हे पाणी कुठलं?" प्राचार्यांनी बसायच्या आधीच विचारलं.

"घरचं, साहेब. सायकलवर कळशी आणली. तास झाला की परत नेणार."

मग सरांनी प्रश्न टाकला: माप डब्यातून काढून पाण्यात बुडवलं, तर टाकीतलं पाणी चढेल, उतरेल की तेवढंच राहील? आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "साहेब, आपणही कोपरा घ्यावा." सर फळ्याकडे वळले, पोरं आपापल्या कोपऱ्यात पांगली. प्राचार्य उठले, खाकरले आणि 'चढेल'च्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. काय सांगू! पोरं 'तेवढंच'मधून निघाली, 'उतरेल'मधून निघाली, मुलीही पदर सावरत निघाल्या. सगळा वर्ग साहेबांच्या मागं. दाराजवळचा कोपरा 'उतरेल'चा होता. मीही निघालो असतो. पण पाय उचलेनात. भीतीनं पार खिळले होते.

"गफ्या, इकडं ये की!" बस्वराज दातांमधून कुजबुजला. "मरतूस काय!"

"पाय न्हाई उचलत रे..."

सर वळले. एकीकडे प्राचार्यांसह अख्खा वर्ग, दुसरीकडे मी. सरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मी एकटा कुठल्या कोपऱ्यात आहे आणि त्याची किंमत काय, हे त्या खोलीत त्यांनाच ठाऊक होतं.

"बहुमत झालं की, मठपती," प्राचार्य हसून म्हणाले. "आता पुढचा धडा घ्या."

सुटकेचं दार साहेबांनी स्वतःच उघडून दिलं होतं. सरांनी नुसतं "हो" म्हणायचं होतं. ते म्हणाले, "आधी त्याचं ऐकू, साहेब. वर्गाचा नियम आहे. बोल गफार."

मी त्या डब्याकडे बघत राहिलो, आणि बघता बघता तोंडातून निघालं, "सर, माप डब्यात हाय तवर पाण्यानंच त्याला उचलून धरलंय. त्यासाठी लई पाणी बाजूला सारावं लागतंय. तळाला गेलं की त्याला टाकीचं बूड धरतंय. मग त्याच्या अंगाएवढंच पाणी सरणार... म्हणून उतरंल."

सरांनी माप अलगद पाण्यात सोडलं. पाणी पट्टीखाली गेलं. कुणी टाळी वाजवली नाही. प्राचार्यांनी चष्मा लावून पट्टी पाहिली, "हं" म्हणाले आणि गेले. चपलांचा आवाज विरेपर्यंत आम्ही हललो नाही. मग सरांनी थेंबही न सांडता पाणी कळशीत ओतलं.

जूनमध्ये लागलेल्या यादीत सरांचं नाव नव्हतं. पुढं नांदेडला त्यांची चांगली कारकीर्द झाली. पण आमचं काय? दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला, त्याच खोलीत, नवे प्राध्यापक आले. दाराशी प्राचार्य उभे. नव्या सरांनी भराभर फळा भरला, आम्ही मुकाट उतरवून घेतला, आणि त्यांनी सवयीनं विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?"

मग मागच्या बाकावरून बस्वराज उठला आणि जाऊन खिडकीजवळच्या कोपऱ्यात उभा राहिला. "कुठं निघालास?" नवे सर दचकले. "न्हाई समजलं सर, म्हणून इकडं." त्याच्या मागं दोघी मुली गेल्या. प्राचार्य बघत होते. भीती तीच होती... पण या वेळी पाय उचलले.