बुवांच्या डोक्यातला हॅमर

गेणूबुवा भजनाला बसले की डावा हात पखवाजावर ठेवत. वाजवायला नव्हे, वाजवायला किसन होता. बुवा नुसता तळवा लाकडाला टेकवत, डोळे मिटत आणि पहिला अभंग उचलत. नव्याने येणाऱ्यांना ही काहीतरी परंपरा वाटे. वर्षभरात मंडळातले निम्मे लोक बसण्याआधी पखवाजाला हात लावून तो कपाळाला लावू लागले, आणि एकाने मला त्यामागचं शास्त्रही समजावून सांगितलं. एक प्रथा माझ्या डोळ्यांदेखत जन्माला आली. तेव्हापासून जुन्या प्रथांविषयीचा माझा आदर थोडा कमीच झाला.

ही गोष्ट सत्तर सालच्या आसपासची. चिंचवडच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो आणि बुवा हॅमर शॉपमध्ये. तिथे लालभडक लोखंडावर दिवसभर घण पडत. पडला की आमच्या टेबलावरच्या दौतीतली शाई हलायची. बुवा मोशीचे, रोज सायकलने येत. उंच, काटक माणूस. भट्टीच्या धगीने भुवया विरळ झालेल्या.

गुरुवारी वीज नसे म्हणून कारखान्याला सुट्टी, आणि सुट्टी म्हणून संध्याकाळी वसाहतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भजन. विजेच्या टंचाईने ठरवलेला हा वार पुढे लोक दत्ताचा वार म्हणून सांगत. माझं अक्षर बरं, म्हणून मला मंडळाचा चिटणीस केलं. देवावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं नाही. चिटणिसाला त्याची गरज नसते, असा समज असावा.

बुवांचा आवाज गोड नव्हता. भरदार होता, आणि हळूहळू घसरायचा. पहिल्या कडव्याला जिथे असत तिथे चौथ्या कडव्याला नसत. बुवा खाली आले की पेटीवाले जाधव गुपचूप पट्टी बदलत, आणि सगळं मंडळ त्यांच्यामागून खाली उतरे. मी थोडंफार गाणं ऐकलेला माणूस. सुरुवातीला मला दातात खडा आल्यासारखं होई. पण सगळे मिळून चुकत असल्यामुळे कुणीच चुकत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या अभंगानंतर माझ्याही आत काहीतरी खाली बसायचं. मी ते दमल्यामुळे होत असेल असं ठरवून टाकलं होतं.

त्या काळात कारखान्यात दोन युनियन झाल्या. गेटवर डोकी फुटली. भजनाला मात्र दोन्हीकडचे येत, आणि टाळ वाटतानाच सुरू होत.

‘काय शिंदे, लीडरला विचारून आलास का बसायला?’

‘तुझ्यासारखं मॅनेजरला विचारावं लागत न्हाई, भावा.’

बुवा दोघांची तोंडं बघत आणि दोघांच्या हातात टाळ देत. ‘घ्या. टाळ घेतला की दोन्ही हात गुंतत्यात. मग दगड कशानं मारशीला? शिव्या द्यायच्या तर द्या, पर तालात द्या.’

गेटवर एकमेकांची कॉलर धरलेली ती माणसं तासाभरात गुडघ्याला गुडघा लावून डोलत. शांततेवर मी पुष्कळ वाचलं होतं. बघितली ती त्या शेडमध्ये, आणि तीही बेसूर.

एकदा हजेरी कार्डाच्या कामासाठी मी बुवांना कॅन्टीनच्या वाटेवर मागून हाका मारल्या. चार हाका झाल्या. पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा ते हसले, ‘कवा आलात, भाऊसाहेब?’ माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. त्यांनी मला भिंतीकडे घेतलं.

‘कुठं बोलू नका. डॉक्टर विचारतो, ऐकू येतंय का? मी त्याच्या व्हटाकडं बघून व्हय म्हनतो. कळलं तर हॅमरवरनं काढून झाडू देत्याल हातात.’

‘काहीच ऐकू येत नाही?’ मी ओठ नीट हलवत विचारलं.

‘येतं की. हॅमर ऐकू येतो. सुट्टी झाली, घरी गेलो, जेवाय बसलो, तरी डोक्यात पडतोच हाय. बायको बोलती ती न्हाई ऐकू येत, ह्यो येतो.’ मग म्हणाले, ‘फकस्त भजनात थांबतो. पन्नास मानसं एका दमात म्हनाय लागली की हितं घुमतं.’ त्यांनी छातीवर हात ठेवला. ‘तेवढा वेळ गप पडतो. आठवड्यातनं तेवढंच.’

पखवाजावरच्या त्या हाताचं शास्त्र मला तेव्हा कळलं. ताल ते तळव्याने घेत होते. मी कुणाला बोललो नाही. किसन आणि जाधव यांना ठाऊक होतं, हे पुढे कळलं. तेही बोलले नव्हते. जाधव फक्त पट्टी बदलत राहिले.

मग कारखान्याच्या वर्धापनदिनाला आसपासच्या मंडळांची भजन स्पर्धा ठरली. मंडप, तीन माइक, पुण्याहून परीक्षक, आणि पहिल्या दोघांना बक्षीस म्हणून माणसाच्या छातीएवढी ढाल. वेल्फेअर ऑफिसर नवे आणि उत्साही होते. त्यांचं मत असं की भक्तीलाही थोडं व्यवस्थापन हवं. एका गुरुवारी ते टेपरेकॉर्डर घेऊन शेडमध्ये आले. ‘आपण कसे गातो हे आपल्याला कळायला हवं,’ म्हणाले. बॅटरीवर चालणारं ते यंत्र मध्ये ठेवलं आणि दोन अभंग टेप केले.

मग त्यांनी ते लावले.

इतक्या वर्षांत आम्ही कधी स्वतःला ऐकलं नव्हतं. घसरणारा तो आवाज, त्यामागून धडपडत उतरणारी पेटी, आणि त्यामागे पन्नास गळे. आधी कुणीतरी हसलं. मग हसणं बंद झालं आणि सगळे खाली बघू लागले. एकटे बुवा फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत खुशीत डोलत होते. टेप संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘काय, बरं आलंय का?’

जाधवांनी होकाराची मान हलवली आणि ते चप्पल घालून बाहेर गेले.

दोन दिवसांनी बैठक झाली. दोन्ही युनियनच्या लोकांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं. शिंदेचा आवाज चांगला होता. पुढे तो बसेल, बुवा मागे बसून टाळ धरतील. सांगायचं कुणी, हा प्रश्न होता. बुवांना ऐकू येत नाही, हे टेपच्या दिवशी सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. बहिऱ्या माणसाच्या कानात काही सांगता येत नाही. ओरडून सांगावं तर सगळी वसाहत ऐकणार. ‘भाऊसाहेब लिहून देतील,’ असं ठरलं. मी नाही म्हणू शकलो असतो. बुवांच्या डोक्यात काय चालतं आणि ते कुठे थांबतं, हे त्या बैठकीत मी सांगू शकलो असतो. मी कागद घेतला.

चार ओळी लिहिल्या. त्यात ‘आदरणीय’ हा शब्द होता. बुवांनी एकेका शब्दावर बोट ठेवून ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवली.

‘अक्षर लई चांगलं हाय तुमचं,’ म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी ते शेवटच्या रांगेत बसले. पखवाज पंधरा फुटांवर, माणसं माइकसाठी मोकळी-मोकळी बसवलेली. बुवा शेजाऱ्याच्या हाताकडे बघून टाळ वाजवत होते, अर्धा ठोका मागे. शेजाऱ्याने हळूच त्यांच्या टाळांवर हात ठेवला. मग ते नुसते धरून बसले. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी सुरांच्या शुद्धतेचा खास उल्लेख केला.

पुढच्या गुरुवारी बुवा आले नाहीत. त्यानंतरही नाही. गेटवर गाठून विचारलं तेव्हा म्हणाले, ‘मागं बसलं की थांबत न्हाई वो. मग कशाला जागा अडवायची?’

भजन आता तालमीसारखं चाले. कोण बेसूर झालं हे आता सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि ते नेहमी दुसऱ्या युनियनचं असे. पहिला क्रमांक का हुकला यावरून शिंदे आणि जाधवांची जुंपली. किसनने पखवाज घरी नेला. ढाल वेल्फेअर ऑफिसरांच्या केबिनमध्ये लागली. भिंत चांगली दिसू लागली.

बुवा निवृत्त झाल्यावर एका सुट्टीच्या दुपारी मी मोशीला गेलो. त्यांच्या पत्नी दारात भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. ‘गिरनीत असत्याल,’ म्हणाल्या. ‘दिस उगवला की तितं जाऊन बसत्यात. दळान नसलं तरी.’

गावातल्या पिठाच्या गिरणीत इंजिन धडधडत होतं. बुवा त्याच्या मागच्या भिंतीला पाठ आणि डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. भुवयांवर पीठ. मी खांद्याला हात लावला तसे हसले आणि शेजारी जागा करून दिली. मीही पाठ टेकवली. भिंत हादरत होती.

‘हितं जरा बरं वाटतं,’ म्हणाले. ‘थांबत न्हाई, पर ह्याच्यात मिसळतो.’

मग त्यांनी माझ्या ओठांकडे बघत विचारलं, ‘सुरात म्हनत्यात का आता?’

मी होकाराची मान हलवली. शेडमध्ये भजन बंद होऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

‘मग बरं झालं,’ बुवा म्हणाले, आणि पुन्हा डोकं भिंतीला लावलं.