पप्पांना बसलेले दोन धक्के

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, कारण पप्पा शेजारच्या काकांना त्यांचं व्हर्जन सांगत सुटलेत आणि त्यात मी एकदम बावळट दिसते.

तर झालं असं. अंबरनाथच्या एका क्लासमध्ये नववीला सायन्स शिकवायचा माझा डेमो होता. आधीचे दोन डेमो मी घालवलेले. दोन्हीकडे कोणीतरी "पण का?" विचारलं आणि मी व्याख्याच परत म्हणून दाखवली, फक्त जरा मोठ्याने. तिसरा गेला तर आईचं ऐकून गपचूप बँकेच्या परीक्षांना बसायचं, असं ठरलेलं. आणि टॉपिक मिळाला मोमेंटम. पुस्तकातला संवेग. वस्तुमान गुणिले वेग, टकरीच्या आधी एकूण जेवढा, तेवढाच नंतर. बीएस्सी झालं तरी मला हे फक्त पाठ होतं. कळलेलं शून्य.

आमच्या सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये तेव्हा चाकवाल्या दोन नव्याकोऱ्या खुर्च्या होत्या. उल्हासनगरला माझ्यासाठी एक घ्यायला गेलो, तर पप्पा दुसरीत बसले ते उठेचनात. दुकानवाले सिंधी काका म्हणाले, "बेटा, प्लास्टिक मत निकालना, दस साल नई की नई रहेगी." आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. टीव्हीच्या रिमोटवर पण अजून पिशवी आहे.

डेमोच्या आदल्या संध्याकाळी डोक्यात आलं, टक्कर करूनच बघू.

"पप्पा, तुमचं वजन किती?"

"कोण विचारतंय?"

"फिजिक्स."

"ब्याण्णव. आईला सांगू नको, तिला अठ्ठ्याऐंशी सांगितलंय."

"मला ऐकू येतं हो," आई किचनमधून.

पप्पा एका खुर्चीत, गॅलरीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मी दाराजवळ दुसऱ्या खुर्चीत मांडी घालून. ढकलायचं काम आईला.

"बँकेच्या परीक्षेत असलं काही नसतं," आई म्हणाली आणि ढकललं. जरा जास्तच मनापासून.

माझी खुर्ची पप्पांच्या खुर्चीला धडकून तिथेच थांबली. मी थांबले नाही. प्लास्टिकवरून मांडीसकट घसरले, पप्पांच्या खुर्चीच्या पाठीवर आपटले आणि धपकन खाली. पप्पा आपले संथपणे अडीच लाद्या पुढे.

"लागलं का हो?" आईने विचारलं. पप्पांना.

"नाही. पण हिने दोनदा का ठोकलं?"

"एकदाच ठोकलं, पप्पा."

"छे. दोन धक्के बसले. आधी हलका, मग जोरात."

मी फरशीवरच बसून राहिले. म्हणजे पहिला धक्का खुर्चीचा. तिच्याकडचा मोमेंटम तिने पप्पांना दिला आणि मोकळी झाली. माझा माझ्याकडेच होता, कारण प्लास्टिकवर मला अडवायला काही नव्हतंच. मी आपटले तेव्हा माझा पण गेला. टकरीत काहीच नाहीसं झालं नाही, फक्त हात बदलले. आणि पप्पा ब्याण्णव किलोचे, म्हणून तेवढाच मोमेंटम घेऊन इतके सावकाश निघाले.

"पप्पा, परत. प्लास्टिक काढून."

"प्लास्टिकला हात लावायचा नाही," आई.

मग मी ओढणीने स्वतःला खुर्चीला बांधलं. परत टक्कर.

"एकच," पप्पा गॅलरीच्या दारातून म्हणाले, "पण कंबरेत बसला."

दुसऱ्या दिवशी डेमोत हेच सांगितलं, फळ्यावर खुर्च्या काढून. मस्त चाललेलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, पण शेवटी तुमचे पप्पा थांबले ना? मग त्यांचा मोमेंटम कुठे गेला?"

व्याख्या अगदी जिभेवर आलेली. ती गिळली आणि पप्पांच्या खुर्चीची चाकं डोळ्यांसमोर आणली.

"फरशीला दिला," मी म्हटलं. "फरशीने बिल्डिंगला, बिल्डिंगने पृथ्वीला."

"म्हणजे पृथ्वी हलली?"

"हलली. पण तिचं वजन बघ ना. कोणाला कळणार?"

"तुमच्या पप्पांना विचारा," बाजूची म्हणाली, "त्यांना धक्के मोजता येतात."

अख्खा वर्ग हसला. मागे उभे असलेले क्लासचे सर पण. बाहेर आल्यावर म्हणाले, "सोमवारपासून नववी तुमची. फक्त आमच्या खुर्च्यांना हात लावायचा नाही."

तुमचं झालंय का असं? वर्षानुवर्षं पाठ असलेली गोष्ट एकदम आपटल्यावर कळली? कुठे आपटलात, ते पण सांगा.